दोघींत एक खोली

डब्लिन, ओहायो
११ जून २००७

प्रिय वसुधा,

फोटो धुऊन आले. दोन-दोन प्रती काढल्या, तुझ्या या पत्रासोबत पाठवतेय. निम्म्या फोटोंत नंदूचं डोकं मधे आलंय. त्या टूर लीडरचा जन्मच आपल्याला मोजण्यासाठी झाला होता. "अठ्ठावीस! मावशी, हलू नका हो, परत पहिल्यापासून मोजावं लागतं." घरी आल्यावर पहिले दोन दिवस मला कुणी मोजलं नाही तर चुकल्यासारखं वाटत होतं.

फोनच करणार होते. पण फोनवर माझ्या कानातलं यंत्र नुसतं शिट्टी वाजवतं. समोरच्याचे ओठ दिसले नाहीत की मी अर्धं ऐकते आणि अर्धं मनानं बनवते. ईमेल नेत्रानं शिकवलाय, पण त्यात मराठी म्हणजे नुसते चौकोन. तेव्हा पत्रच बरं.

स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बॉस्निया, सर्बिया, बल्गेरिया. तेरा रात्री, पाच देश. कुणी विचारलं काय काय पाहिलं, तर मला नीट सांगता येत नाही. एक किल्ला दुसऱ्यात मिसळतो. पण बॉस्नियाच्या सीमेवरचे ते चार तास मिनिटामिनिटानं आठवतात. शशिकांतकाकांचा पासपोर्ट सारायेवोच्या हॉटेलात उशीखाली राहिला, टॅक्सीवाला तो घेऊन येईपर्यंत आख्खी बस अडली. सगळे काकांवर चिडले होते आणि आपण दोघी कठड्यावर बसून तळाशी उरलेला चिवडा खात होतो. तेव्हा तू म्हणालीस, "नीलाताई, तुमचं चार खोल्यांचं घर, माझं तीन खोल्यांचं. दोघींना मिळून एक पुरे झालं असतं."

मी हसले. तू हसली नाहीस. म्हणून ते वाक्य मी नीट ठेवून दिलं.

तर आता ऐक. नेत्राचं टुमणं चालू आहे की घर विकून मी म्हाताऱ्यांच्या अपार्टमेंटमध्ये जावं. "मॉम, यू काँट हिअर द स्मोक अलार्म." तिचं चूक नाही. पण दुसरं माणूस घरात असेल, तर हा प्रश्नच मिटतो. खालची खोली रिकामी आहे, बाथरूम लागून, मागच्या बाजूला मेपल. तू ये. पाहुणी म्हणून नाही, राहायला. मोरेश्वर गेल्यापासून अडीच वर्षांत मी कुणाला हे विचारलेलं नाही आणि विचारीन असं वाटलंही नव्हतं. टूर कंपनीनं एकट्या आलेल्या दोघींना एका खोलीत टाकलं नसतं, तर आपण 'गुड मॉर्निंग'च्या पुढे गेलो नसतो.

लगेच उत्तर नको. पण फार उशीरही करू नकोस.

तुझी
नीलांबरी


प्लेनो, टेक्सास
२ जुलै २००७

प्रिय नीलाताई,

सादर नमस्कार. तुमचं पत्र पंधरा दिवस उशाशी होतं. मेपलचं झाड लाल झाल्यावर कसं दिसतं, याचाच विचार करत होते. इथे सगळी झाडं एकदम तपकिरी होतात आणि मग गळून जातात.

फोटो पाहिले. मोस्तारच्या पुलावर आपण दोघी घसरू नये म्हणून एकमेकींचा हात धरून उभ्या आहोत, तो फ्रिजवर लावलाय. केदार फ्रीमाँटला परत गेला. मी टूरवर होते तेव्हा तो सुट्टी काढून इथे येऊन राहिला होता, घर सांभाळायला. जाताना म्हणाला, "आई, तू बरी दिसतेस." किती वर्षांनी कुणी म्हणालं असेल.

लायब्ररीतली नोकरी संपल्यापासून माझे दिवस ठरलेले आहेत. सकाळी घरातलं, दुपारी थोडं पडते, आणि चार वाजले की इथल्या एका केअर होममध्ये जाते. वृद्धांना जेवू घालायला, दोन घटका बोलायला. सातपर्यंत तिथेच. ते काम एकदम सोडता येण्यासारखं नाही.

खोलीबद्दल काय लिहू? वरची असती तर गुडघ्यांचं निमित्त सांगितलं असतं, पण तुम्ही तेही ठेवलं नाहीत. सकाळी उठून दोन कप चहा टाकायचा, ही कल्पनाच इतकी गोड आहे की नाही म्हणायला जीभ रेटत नाही. हो म्हणायलाही रेटत नाही. मला जरा वेळ द्या.

टूरवर तुम्ही मला सकाळी हाक मारून उठवायचात. इथे अजून त्याच वेळेला जाग येते.

तुमची
वसुधा


डब्लिन
९ ऑगस्ट २००७

प्रिय वसुधा,

जीभ रेटत नसेल तर मान हलव, मी समजून घेईन! चाळीस वर्षं पॅथॉलॉजी केली, रिपोर्ट अर्धवट असला तरी वाचता येतो.

तर मी काय केलं ते सांगते. नेत्रानं एक रिअल इस्टेट एजंट पाठवली होती. तिला चहा पाजून परत पाठवलं. नेत्रा म्हणाली, "तू त्या बाईंना किती दिवस ओळखतेस? टू वीक्स!" मी म्हटलं, तुझ्या वडिलांना तर मी पाऊण तास पाहिलं होतं.

खालच्या खोलीत मोरेश्वरचं टेबल होतं. अडीच वर्षं त्यावरचा कागद मी हलवला नव्हता. गेल्या शनिवारी सगळं आवरलं. टेबल मंडळातल्या एका नवीन आलेल्या जोडप्याला दिलं, पुण्याचे आहेत, आयटीतले, घरात अजून बसायला खुर्ची नाही. ते टेबल गाडीच्या टपावर बांधून नेत होते तेव्हा मी रडेन असं मला वाटलं होतं. रडले नाही. लगेच दुकानात जाऊन तुझ्यासाठी पलंग बघितला.

केअर होम्स इथेही पुष्कळ आहेत. भरवायला म्हातारे कमी पडणार नाहीत.

गणपती पंधरा सप्टेंबरला आहेत. त्याला ये. आठ दिवस राहा, घर बघ, मग ठरव. तिकिटाचं मला कळव.

वाट बघतेय.
नीलांबरी


डब्लिन
१८ सप्टेंबर २००७

वसुधा,

गणपतीला तू आली नाहीस. निरोपही नाही.

शनिवारी मंडळाच्या आरतीला प्लेनोहून आलेली सीमा नावाची मुलगी भेटली. बहिणीकडे आली आहे. मी हौसेनं सांगायला गेले की तुमच्या गावची माझी एक मैत्रीण लवकरच इथे राहायला येणार आहे. तुझं नाव ऐकून ती म्हणाली, "वसुधाकाकू? त्या कशा येतील? रोज संध्याकाळी श्रीरामकाकांना भरवायला जातात ना त्या!"

मला वाटलं, माझ्या कानांनीच घात केला. तिला परत विचारलं. मग कागदावर लिहून घेतलं.

श्रीराम म्हणजे तुझे गेलेले श्रीराम. ज्यांच्या नावानं सोफियाच्या चर्चमध्ये आपण मेणबत्ती लावली, माझ्या मोरेश्वरच्या शेजारी.

त्या टूरवर मी तुला एक गोष्ट सांगितली. मोरेश्वर बर्फ काढताना ड्राइव्हवेवर कोसळला, त्यानं मला हाका मारल्या असतील, आणि मी कानातली यंत्रं काढून आत निवांत वाचत बसले होते. डॉक्टर बाई, वीस फुटांवर. हे मी नेत्राला सांगितलेलं नाही. तुला सांगितलं, कारण मला वाटलं तूही त्याच घरातून आली आहेस. तू माझ्याबरोबर रडलीस. ते रडणं कशाचं होतं?

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

नीलांबरी


प्लेनो
२७ सप्टेंबर २००७

नीलाताई,

सीमानं सांगितलं ते खरं आहे. श्रीराम आहेत. त्यांना विसरण्याचा आजार आहे, सहा वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी ते घरातून निघून हायवेच्या कडेनं चालत गेले, पोलिसांना सापडले, तेव्हापासून केअर होममध्ये आहेत. मी वृद्धांना जेवू घालते असं लिहिलं होतं. एकाच वृद्धाला. त्यांचं इंग्लिश पूर्ण गेलंय, फक्त मराठी उरलंय. तिथल्या मुली मायाळू आहेत, पण त्यांना 'पाणी' कळत नाही. म्हणून मी गेले नाही तर ते तहानलेले राहतात.

आता हे कसं सुरू झालं ते सांगते. तुम्ही माफ करावं म्हणून नाही.

गेल्या मार्चमध्ये मी त्यांना वरणभात भरवत होते. जेवण झाल्यावर ते अगदी अदबीनं म्हणाले, "तुम्ही रोज एवढा त्रास घेता. तुमचे मिस्टर काय करतात?" वाटी हातातच राहिली. मी नुसती बघत राहिले. त्यांचा चेहराच पडला. म्हणाले, "गेले का? अरेरे. मी विचारायला नको होतं." आणि माझ्या हातावर हात ठेवला.

ताई, मला विधवा पहिल्यांदा त्यांनीच ठरवलं.

टूरवर पाठवायचं केदारनं ठरवलं, तेवढे दिवस त्यांना भरवायला तो जात होता. डॅलसच्या विमानतळावर मंगळसूत्र वाजलं म्हणून ट्रेमध्ये ठेवायला लावलं. पलीकडे गेल्यावर ते पर्समध्ये टाकलं आणि गळ्यात घालायचं राहिलं. आधी खरंच राहिलं. मग पहिल्या हॉटेलात बॅगा उघडताना तुम्ही विचारलंत, "तुझे?" मी म्हटलं, "आता मी एकटीच असते." तुम्ही जवळ येऊन माझा हात धरलात आणि म्हणालात, "माझं तिसरं वर्ष." तेव्हा एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. पण सहा वर्षांत कुणी माझा हात असा धरला नव्हता. ज्यांचा नवरा जिवंत असतो त्यांच्याकडे कुणी समाचाराला येत नाही. मंडळात लोक विचारतात, "कसे आहेत काका?" मी म्हणते, "आहेत तसेच." की ते सुटकेनं दुसरा विषय काढतात.

सोफियात तो गाइड सांगत होता, जिवंत माणसांसाठीची मेणबत्ती वरच्या तबकात, गेलेल्यांसाठीची खाली वाळूत. माझा हात आपोआप वर गेला. तुम्ही हलकेच म्हणालात, "अगं, आपली खाली," आणि माझ्या हातातली घेऊन मोरेश्वरभाऊजींच्या शेजारी रोवलीत. मी रोवू दिली. त्या क्षणी मला स्वतःची भीती वाटली. बाहेर येऊन मी पायरीवर बसले होते, तुम्हाला वाटलं चक्कर आली.

तुम्ही भाऊजींचं सांगितलंत तेव्हाचं रडणं खरं होतं. ते हाका मारत होते आणि तुम्हाला ऐकू आलं नाही. मी रोज हाका मारते.

डब्लिनची खोली मला हवी होती. म्हणून नाही लिहिलं नाही. तुम्ही भाऊजींचं टेबल काढलंत, ते वाचल्यावर चार वेळा पत्र लिहायला बसले आणि फाडलं.

वसुधा


प्लेनो
२९ नोव्हेंबर २००७

नीलाताई,

दिवाळीला कार्ड पाठवलं होतं, मिळालं असेल. उत्तराची अपेक्षा ठेवून लिहीत नाही.

इथे थँक्सगिव्हिंगला केदार आला होता. बाबांनी त्याला "या साहेब" म्हटलं. तो बाहेर जाऊन गाडीत बसला, बराच वेळ. नंतर आम्ही दोघं बाजारातून आणलेलं जेवण जेवलो.

यंदा तुमच्याकडे बर्फ लवकर पडलं असं टीव्हीवर दाखवलं. ड्राइव्हवे साफ करायला माणूस लावा. एवढंच सांगायचं होतं.

वसुधा


कोलंबस, ओहायो
१० फेब्रुवारी २००८

वसुधा,

वरचा पत्ता बदललाय, लिहून ठेव. घर डिसेंबरात विकलं. माणूस लावायची गरज उरली नाही. इथे तिसरा मजला, एक बेडरूम, खाली जेवणाचा हॉल. भिंतीला दिवा आहे, धोका असला की तो उघडझाप करतो. नेत्रा निश्चिंत आहे.

आवराआवर करायला अनया आली होती, माझी नात. एकेक वस्तू वर धरून विचारायची, "आजी, डू यू वाँट धिस?" दोनशे वेळा तरी विचारलं असेल. शेवटी शेवटी मी बघतही नव्हते, 'नो' म्हणत होते. तुझ्यासाठी घेतलेला पलंग तिच्या डॉर्मसाठी गेला. एकदाही कुणी त्यावर झोपलं नव्हतं.

मी तुझ्यावर फार रागावले होते. अजूनही थोडी आहे, खोटं कशाला सांगू. मला फसवलं याचा राग दोन महिन्यांत गेला. पण तुझ्याकडे जायला रोज एक ठिकाण आहे, कुणाला पाणी लागतंय ते तुला कळतं, आणि तरी तू माझ्या बाकावर येऊन बसलीस, त्याचा राग जात नव्हता. इथे जेवणाच्या हॉलमध्ये अकरा विधवा आहेत. त्यांतली कुणीही, अगदी कुणीही, तुझ्याशी अदलाबदल करील. हे कळायला तुला त्रास होईल. मला लिहायला झाला.

मार्चमध्ये चार दिवस प्लेनोला यायचं म्हणते. राहायला नाही. श्रीरामरावांना भेटायला. ज्यांच्यासाठी वाळूत मेणबत्ती लावली, त्या माणसाला एकदा बघितलं पाहिजे.

नको असेल तर तसं कळव.

नीलांबरी


प्लेनो
१६ फेब्रुवारी २००८

ताई, या. विमानतळावर मी गाडी घेऊन येते. तुम्ही मला ओळखाल ना? पांढऱ्या केसांना आता रंग लावत नाही.

वसुधा


कोलंबस
६ एप्रिल २००८

प्रिय वसुधा,

परत येऊन तीन आठवडे झाले. पोचल्याचं कार्ड टाकलं होतं, पण नीट पत्र लिहिलं नाही. त्याचं कारण या पत्रात आहे.

तुझ्या घरी मला बरं वाटलं. तू पहाटे उठून माझ्यासाठी साबुदाणा भिजवलास, आपण त्या लांबच लांब रस्त्यांवरून रोज चारला गाडीनं गेलो, सातला परत आलो. बोललो फार नाही. टूरवर बोलून झालंय असंच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. तू नर्सशी औषधाचं बोलायला गेलीस आणि मी श्रीरामरावांजवळ बसले होते. ते खिडकीतून पार्किंग लॉटकडे बघत होते. तू दाराबाहेर गेल्याची त्यांनी खात्री करून घेतली, आणि माझ्याकडे वाकले. माझ्या चांगल्या कानाच्या बाजूलाच बसले होते.

म्हणाले, "तुम्ही त्या बाईंच्या ओळखीच्या ना? मग त्यांना एक सांगाल का? मला संकोच वाटतो."

"सांगा ना," मी म्हटलं.

"त्या रोज येतात. हातानं भरवतात. बाई फार चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. पण माझं लग्न झालंय हो. वसुधाच्या कानावर गेलं तर तिला वाईट वाटेल."

मी विचारलं, "वसुधा कुठे आहे?"

"येईल ना," म्हणाले. "लायब्ररी बंद झाली की निघते ती. सहापर्यंत येतेच." आणि परत पार्किंग लॉटकडे बघायला लागले.

मग तू किल्ल्या वाजवत आलीस आणि विचारलंस, "काय म्हणत होते?" मी म्हटलं, "काही नाही, हवेबद्दल." तुला वाटलं मला ऐकू आलं नसेल. शब्द न् शब्द ऐकू आला होता.

गाडीत सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. विमानतळावर तू मला मिठी मारलीस, तेव्हा तर ओठांवर आलं होतं. तरी सांगितलं नाही. घरी नेलं, तीन आठवडे जवळ ठेवलं. एकटीनं खाल्लं म्हण.

तू टूरवर माझ्यापासून लपवलंस, मी हे तुझ्यापासून लपवलं. पण मी त्याची फेड म्हणून केलं नाही. मला हेवा वाटला, वसुधा. त्या माणसाला तुझा चेहरा ठाऊक नाही, साल ठाऊक नाही, तो कुठल्या देशात बसलाय ते ठाऊक नाही. आणि तुला वाईट वाटेल एवढं त्याला ठाऊक आहे.

मोरेश्वर गेल्यापासून, मला वाईट वाटेल म्हणून कुणी काही करायचं थांबलेलं नाही.

तुझी
नीलांबरी